लेनीचा अर्ज आणि मी म्हातारा ट्रक

मी एक जुना पिकअप ट्रक आहे. पुढे तिघांना दाटीवाटीने बसता येईल एवढी जागा आणि मागे उघडा हौदा, एवढाच माझा संसार. माझा मूळ रंग निळा. आता कोणता म्हणावा, ते मलाही सांगता यायचे नाही. दारे निळी आहेत, बॉनेट गंजाच्या रंगाचे आहे आणि मागच्या फळीला घरात जो रंग शिल्लक होता तो लावलेला आहे. तरी मित्रांनो, मला भंगार म्हणू नका. माझे इंजिन अजून पहिल्या हाकेला नाही तरी तिसऱ्या हाकेला ओ देते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखी शेकडो भावंडे रांगेत उभी होती आणि सगळी दिसायला सारखीच, त्यामुळे बाळपणीचे कौतुक माझ्या वाट्याला आले नाही. ते मिळाले अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगरात, होबर्ट स्टॅम्पर यांनी मला घरी आणले तेव्हा. होबर्ट कोळशाच्या खाणीत कामाला होते. आठवडाभर मी त्यांना खाणीच्या तोंडाशी सोडायचो, शनिवारी आंघोळ करून चकचकीत व्हायचो आणि रविवारी चर्चच्या दारात ऐटीत उभा राहायचो. "स्वतः न्हायचा कंटाळा, पण ट्रकला मात्र दर शनिवारी न्हाऊ घालायचं," असे त्यांची बायको म्हणायची. मला ते ऐकायला फार आवडायचे.

होबर्टनंतर मी त्यांच्या मुलाकडे, व्हर्लिनकडे आलो. तोही खाणीतच. मी त्याच्या लग्नाला गेलो, त्याच्या बायकोला दवाखान्यात नेले, तिथून एक इवलीशी मुलगी घेऊन परतलो. तिचे नाव लेनोरा, हाक मारायला लेनी. पुढे सात वर्षांनी त्याच दवाखान्यातून मी लेनीच्या आईशिवाय परत आलो. त्या दिवसाबद्दल मी जास्त बोलणार नाही.

मग खाण बंद झाली. व्हर्लिनला शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचे काम मिळाले, त्याने एक छोटी मोटार घेतली आणि मला गोठ्यामागे उभे केले. कोंबड्यांनी माझ्या हौद्यात अंडी घातली, उंदरांनी सीटमधला कापूस पळवला. वर्षानुवर्षे कोणी माझी किल्ली फिरवली नाही. छोट्या मोटारीने मान टाकली तेव्हा कुठे व्हर्लिनला माझी आठवण झाली. गरज पडली की वैद्य आठवतो, तसेच हे. पण मी रुसलो नाही. नवी बॅटरी घातल्याबरोबर मी खोकलो, धूर सोडला आणि कामाला लागलो. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम पुढेच होते.

स्टॅम्परांचे घर दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे. तिथे फोनला रेंज नाही आणि इंटरनेट तर नाहीच. आमच्या खोऱ्यातल्या लोकांना इंटरनेट पाहिजे असले की ते गावातल्या वाचनालयासमोर गाड्या लावतात. वाचनालय बंद झाले तरी तिथल्या मिस पॅटी वायफाय चालू ठेवतात. संध्याकाळी बघावे तर प्रत्येक गाडीत एकेक चेहरा फोनच्या उजेडात. कोणी गृहपाठ करतो, कोणी लष्करातल्या मुलाशी बोलतो, कोणी नुसताच बेसबॉलचा सामना बघत बसतो. त्या रांगेत कडेची जागा माझी. माझ्या पोटात लेनी तिचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची आणि शेजारी व्हर्लिन टोपी डोळ्यांवर ओढून झोपल्याचे सोंग करायचा.

लेनीला ब्रिटनमधल्या वेल्सला जायचे होते. आमच्या घरामागून एक ओढा वाहतो. जुन्या खाणीतून झिरपणाऱ्या पाण्याने तो नारिंगी झालेला आहे. त्यात मासा नाही, बेडूक नाही. लहानपणी लेनीने चित्रात ओढा नारिंगी रंगवला म्हणून शाळेत पोरे हसली होती. बंद पडलेल्या खाणींतले पाणी स्वच्छ कसे करायचे, मेलेली जमीन पुन्हा जिवंत कशी करायची, हे शिकवणारा अभ्यासक्रम तिला वेल्समधल्या एका विद्यापीठात सापडला. तिथेही आमच्यासारखीच खाणीची खोरी आहेत म्हणे. विद्यापीठाने तिला प्रवेशही देऊ केला. अडचण पैशांची होती.

त्यावर मार्ग मिस पॅटींनी सांगितला. अमेरिकेचे सरकार शिक्षणासाठी काही विद्यार्थ्याच्या आणि काही आईवडिलांच्या नावावर जे कर्ज देते, ते काही परदेशी विद्यापीठांतही चालते आणि लेनीचे विद्यापीठ त्या यादीत होते. त्यासाठी सरकारचा अर्ज भरायचा. लेनीने जानेवारीतल्या एका थंड दुपारी तो माझ्या पोटात बसून भरायला घेतला. नाव, पत्ता, शाळा, सगळे भराभर झाले. मग वडिलांचा भाग आला आणि तिथे घोडे पेंड खाऊ लागले.

"बाबा, इथं तुमची संमती लागते," लेनी म्हणाली.

व्हर्लिनने टोपी वर केली. "कशाची?"

"तुमच्या कराची माहिती कर-खातं परस्पर या लोकांना देणार. त्याची."

"परस्पर देणार, तर मला कशाला विचारतात?"

"परस्पर देता येत नाही म्हणूनच विचारतात ना."

"मग नाही म्हणून सांग."

"नाही म्हटलं तर अर्ज इथंच अडतो, बाबा."

व्हर्लिनने माझी किल्ली फिरवली. घराच्या दारात उतरताना तो एवढेच म्हणाला, "स्टॅम्पर लोक बाहेरून आलेल्या कागदावर सही करत नाहीत. तुला माहीत आहे ते."

तिला माहीत होते. आमच्या खोऱ्यात पाळण्यातल्या मुलालाही माहीत असते. व्हर्लिनच्या खापरपणजोबांकडे एकदा कोट घातलेला एक माणूस घोड्यावरून आला होता. तो त्यांच्या घरी जेवला, मक्याच्या पावाची तारीफ केली आणि म्हणाला की जमीन तुमचीच राहील, आम्हाला फक्त तिच्या पोटात काय असेल ते द्या. खापरपणजोबांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी सहीच्या जागी फुली मारली. पुढे कितीतरी वर्षांनी कोळसा कंपनीची यंत्रे आली आणि पोटातले काढण्यासाठी वरची जमीनही खरवडून घेऊन गेली. कोर्टाने फुली दाखवली. घरामागचा डोंगर तेव्हापासून अर्धाच आहे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आमच्याकडचे लोक तर विहिरीचे पाणीसुद्धा फुंकून पितात. व्हर्लिनचा मला राग आला नाही. पण लेनीचा चेहरा मला आरशात दिसत होता आणि माझ्याच्याने तो बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्हर्लिनची थोरली बहीण अर्लीटा किराणा आणायला व्हर्लिन आणि लेनीबरोबर माझ्यातून गावात निघाली. या बाईची जीभ म्हणजे दुधारी सुरी. तिच्या तडाख्यातून भाऊ सुटत नाही आणि भाचीही सुटत नाही.

"काय गं, समुद्रापलीकडं जायचंय म्हणे तुला," ती लेनीला म्हणाली. "इथली माती कमी घाण आहे होय, म्हणून तिथली बघायला निघालीस?"

"इथली साफ करायचीय आत्या, म्हणून शिकायला चाललेय."

"जाणारे सगळे असंच बोलतात. शेजारची डोना सिनसिनाटीला गेली ती सहा महिन्यांत येणार होती. तिची पोरं आता लग्नाला आली." मग ती भावाकडे वळली. "आणि तू रे? बसच्या इंजिनात हात घालायला घाबरत नाहीस आणि सही करायला हात कापतो?"

"तू गप बस, अर्लीटा."

"मी गप बसले की तुझं सगळं अडतं. लहानपणापासून बघतेय."

त्या दिवशी अर्लीटा दुकानात गेल्यावर लेनीने विषय काढला. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. तिने लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला आणि वडिलांकडे वळून बसली.

"बाबा, खापरपणजोबांचं चुकलं काय?"

"सही केली."

"नाही. न वाचता केली. त्यांना वाचता येत नव्हतं आणि वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. तुम्हाला वाचता येतं, मलाही येतं. आपण सगळं वाचू. अर्ज वाचू, पुढं कर्जाचं वचनपत्र येणार आहे तेही आत्ताच वाचू. एक ओळ सोडायची नाही. वाचून झाल्यावर तुम्हाला नको वाटलं तर नका करू सही. मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही."

व्हर्लिनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एकही ओळ सोडायची नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मोठ्यानं वाचायचं."

"मोठ्यानं."

मित्रांनो, मी आयुष्यात कोळसा वाहिला, गवत वाहिले, एकदा चर्चचा पियानोही वाहिला. पण त्या हिवाळ्यात माझ्या पोटात जे वाचन झाले, त्याचे ओझे सर्वांत जड होते. बसगाड्यांचे काम आटोपले की व्हर्लिन लेनीला घेऊन वाचनालयासमोर येई. बाहेर बर्फ भुरभुरायचा. आत ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवावे लागे आणि या वयात तासन्‌तास एका जागी धडधडत राहणे काही सोपे नसते. लॅपटॉप माझ्याच विजेवर चालायचा. मी मनाशी ठरवले होते की काही झाले तरी बंद पडायचे नाही.

लेनी वाचायची आणि व्हर्लिन प्रत्येक वाक्याला अडवायचा.

"'परतफेडीस कर्जदार जबाबदार राहील.' कर्जदार म्हणजे कोण?"

"माझ्या नावावरच्या भागाला मी. तुमच्या नावावरच्या भागाला तुम्ही."

"आणि शिक्षण अर्ध्यात सुटलं तर?"

"तरी फेडायचं. पुढं आहे ते, वाचते."

"आजारी पडलीस तर?"

"तेही आहे. थांबा की, आधी हे पान तरी संपू द्या."

एकदा मिस पॅटींनी माझ्या काचेवर टकटक केले. त्यांच्या हातात कॉफीचे दोन पेले होते. "व्हर्लिन, आत येऊन बसा ना. आत ऊब आहे, टेबल आहे."

"इथंच बरं आहे, मिस पॅटी. आत मोठ्यानं वाचू देत नाही तुम्ही."

"गावात लोक म्हणतात, तुम्ही ट्रकमध्ये नवा पंथ काढलाय."

"त्यांना म्हणावं, वर्गणी आणा," व्हर्लिन म्हणाला. त्या हिवाळ्यात मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिले.

एका दुपारी शेवटचे पान वाचून झाले. व्हर्लिनने हाताने चेहरा चोळला. "हे लोक निदान सांगतात तरी, की आम्ही परत घेणार, एवढं घेणार आणि असं घेणार," तो म्हणाला. "त्या कोटवाल्यानं सांगितलं नव्हतं." मग त्याने लॅपटॉप आपल्या मांडीवर घेतला. ओळख पटवायला फोनवर आलेला आकडा भरला. एका बोटाने, एकेक अक्षर दाबत, त्याने संमती दिली आणि सही केली. स्टॅम्परांच्या घरात बाहेरच्या कागदावर झालेली खापरपणजोबांच्या फुलीनंतरची ही पहिली सही. मला इतका आनंद झाला की मी जोरात धूर सोडला आणि शेजारच्या मोटारीतल्या बाईने काच वर केली.

एवढ्यावर सगळे सुरळीत व्हायला हवे होते. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने.

वसंतात विद्यापीठाने विचारले की पहिले सत्र वर्गात बसून करणार की घरून, इंटरनेटवरून. घरून केले तर नाताळानंतर यायचे. व्हर्लिन सहज बोलल्यासारखे बोलला, "घरूनच कर की पहिलं सत्र. अर्लीटाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे शरद ऋतूत. शिवाय सवय होईल हळूहळू." खरे कारण त्याने सांगितले नाही. पण त्या दिवशी परतताना त्याने मला इतके सावकाश चालवले की मागच्या गाड्या भोंगे वाजवत पुढे गेल्या. लेनीने घरूनचा पर्याय निवडला; घरी इंटरनेट नाही, तेव्हा वर्ग वाचनालयासमोर माझ्याच पोटात बसून करायचे ठरले.

हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण आमच्या डोंगरातला कोणीही हेच करील. इथला माणूस कामासाठी ओहायोला गेला तरी शुक्रवारी पगार झाला की गाडी काढतो आणि रातोरात डोंगरात परत येतो. घर सोडायचे झाले तर एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवून सोडायचे, अशी इथली रीत. लेनीनेही एक पाय आत ठेवला.

मे महिन्यात दोघांनी वचनपत्रांवर सह्या केल्या. आणि जूनमध्ये, एका शुक्रवारी दुपारी, विद्यापीठाच्या कर्ज विभागाची मेल आली. लेनीने ती मोठ्याने वाचली, कारण आता मोठ्याने वाचायचीच सवय लागली होती. अमेरिकन सरकारच्या कर्जाचा नियम असा, की परदेशी विद्यापीठातला अभ्यासक्रम पूर्णपणे तिथे हजर राहून करायला हवा. त्यातला काही भाग जरी घरून केला तरी त्या अभ्यासक्रमाला कर्ज मिळत नाही. वर्गातल्या मोजक्या जागा उरल्या आहेत. पर्याय बदलायचा तर आजच कळवा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.

"आपण सगळं वाचलं होतं," व्हर्लिन म्हणाला. "हे कसं सुटलं?"

"सुटलं नाही. फेब्रुवारीत वाचलं होतं आपण. तेव्हा घरून शिकायची गोष्टच नव्हती, म्हणून लक्षात राहिलं नाही." लेनी त्याच्याकडे वळली. "मी पुढच्या वर्षी जाते, बाबा. तोवर आत्याचा गुडघाही बरा होईल."

"घरून शिकायचं तू कशाला निवडलंस?"

"स्वस्त पडतं म्हणून."

"समोर चर्च आहे, लेनी. खोटं बोलू नकोस."

तिने मान खाली घातली. "तुमच्यासाठी."

व्हर्लिनचे दोन्ही हात माझ्या स्टिअरिंगच्या चाकावर होते. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. खाण बंद झाल्याची बातमी त्याने माझ्याच पोटात ऐकली, बायकोची बातमीही इथेच पचवली. पण त्याच्या बोटांची पकड इतकी घट्ट मला कधी जाणवली नव्हती. ही पोरगी तो मागेल तर राहील, हे त्याला त्या क्षणी कळले होते. नुसते 'बरं' म्हटले असते तरी पुरले असते.

"ती ओळ परत वाच," तो म्हणाला.

तिने वाचली.

"म्हणजे जायचं तर अख्खं जायचं. अर्धं चालत नाही."

"हो."

"मग अख्खी जा. लिही आत्ताच."

लेनीने लिहिले. पाठवायला गेली तर वायफाय गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. वाचनालयाच्या भिंतीला लागून असलेल्या गाड्यांना मिळत होते, आमच्या कडेच्या जागेला नाही. "मी पळत जाते," ती म्हणाली. "बस खाली," व्हर्लिन म्हणाला आणि त्याने माझी किल्ली फिरवली.

पहिल्या हाकेला मी ओ दिली, मित्रांनो. त्याने मला फरसबंदीच्या कडेवरून वर चढवले, हिरवळीवरून नेले आणि वाचनालयाच्या खिडकीखाली, मिस पॅटींच्या झेंडूच्या वाफ्यात नेऊन उभे केले. खिडकी उघडली.

"व्हर्लिन स्टॅम्पर, हे काय चाललंय? माझी रोपं!"

"उद्या नवी लावून देतो, मिस पॅटी. आज इंटरनेट द्या."

मिस पॅटींनी त्याच्याकडे पाहिले, लेनीकडे पाहिले, आणि आत जाऊन ते वायफायचे यंत्रच उचलून खिडकीच्या चौकटीवर आणून ठेवले. मेल गेली. सोमवारी उत्तर आले की जागा आहे. मग कर्जाची मंजुरी आली, ती दाखवून व्हिसा मिळाला. झेंडूची रोपे व्हर्लिनने दुसऱ्याच दिवशी लावली. अर्लीटाने ऑपरेशन पुढे ढकलले आणि वर बोलली, "माझ्या गुडघ्याचं नाव पुढं करून पोरीला अडकवत होता होय रे?"

सप्टेंबरात मी लेनीला लेक्सिंग्टनच्या विमानतळावर नेले. एवढा लांबचा प्रवास मला झेपेल का, असे घरात सगळ्यांना वाटत होते. तो मला झेपला. विमानतळाच्या दारात व्हर्लिनने माझ्या हौद्यातून तिची पेटी उतरवली आणि उभा राहिला. गळ्यात पडणे वगैरे त्याला जमत नाही.

"सरकारचं देणं तू तुझं फेड, मी माझं फेडीन," तो म्हणाला. "पण तू माझं काही देणं लागत नाहीस. परत येणं भाग आहे म्हणून येऊ नकोस. यावंसं वाटलं तर ये."

लेनीच त्याच्या गळ्यात पडली. मग ती आत गेली. व्हर्लिन माझ्यात येऊन बसला आणि पोलिसाने हटकेपर्यंत किल्ली फिरवायचे त्याला सुचले नाही.

आता मी लांब कुठे जात नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्या गाडीला वेळेवर तेल-पाणी द्या, पावसात उघडी टाकू नका, एवढे मागून मी थांबायला हवे. पण मला आणखी एक सांगायचे आहे. तुमच्या घरातले कोणी असा अर्ज घेऊन बसले असेल तर 'तुझे तू बघ' असे म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा. कर्ज हे ओझे आहे, ते फेडावेच लागते, म्हणून प्रत्येक ओळ त्याच्याबरोबर वाचा, अडवा, भांडा. आणि सगळे वाचून झाल्यावरही त्याला जायचेच असेल, तर मित्रांनो, त्याला अर्धे धरून ठेवू नका.